स्वीकारलेला धर्म आणि राखलेला विवेक

नुंगंबाक्कमला लोयोला महाविद्यालयाच्या आवारातील चर्चचे उंच शिखर रोज दृष्टीस पडते. ते पाहताना शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या पंडिता रमाबाईंची अनेकदा आठवण होते. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, एवढेच आपण शिकलो होतो. ख्रिस्ती झाल्यावरही चर्चने सांगितलेले सारे त्यांनी मान्य केले नाही, हे पुढे वाचनातून कळले. शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त त्याच चरित्रभागाची ओळख करून द्यावी, असे वाटले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या मातेने कन्येला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. दक्षिणेतील दुष्काळात, रमाबाई सोळा वर्षांच्या असतानाच्या सुमारास, आईवडील गेले. उरलेल्या बहीणभावाने पायी भारत पालथा घातला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे बंधू निवर्तले. जातीची बंधने झुगारून त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. पण १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. मांडीवर मनोरमा ही तान्ही कन्या होती.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या इच्छेने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु कानांच्या दोषामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला. पतित स्त्रियांना तेथे मिळणारी करुणेची वागणूक पाहून त्यांचे मन हेलावले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथून खरा संघर्ष सुरू झाला. बाप्तिस्मा घेतला म्हणजे बुद्धी गहाण टाकली, असे रमाबाईंना वाटत नव्हते. एकमेव ईश्वरावर त्यांची श्रद्धा होती. त्रैक्याचा सिद्धान्त मात्र त्यांना पटेना. अथानेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार म्हणण्यास त्या तयार नव्हत्या. एका ख्रिस्ताचे अनुयायी म्हणवणारे इतके पंथ परस्परांशी भांडतात, मग त्यांतील कोणत्या एकाचा अधिकार अंतिम मानावा, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांना त्या आजीबाई म्हणत, त्या सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटे. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र शंकांना धीराने उत्तरे दिली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्याही निर्बंधाचा त्यांनी निषेध केला. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत, हा त्यांचा आग्रह होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

त्यांची स्थिती किती अवघड होती, याचा विचार करावा. निवारा आणि लेकीचे संगोपन या दोहोंसाठी त्या मठाच्या ऋणात होत्या. मान डोलावणे सोपे होते. चर्च सोडून जाणेही अशक्य नव्हते. त्यांनी दोन्ही टाळले. उपकार मानले, प्रेम राखले आणि मतभेद पत्रांतून स्पष्ट मांडले.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तेथील साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे तेथे वचन होते. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या आणि वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले; अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. स्वतःची प्रार्थना दार लावून करणे रमाबाईंना मान्य नव्हते. विश्वासाने मुली धाडणाऱ्यांची व्यथाही खोटी नव्हती. चर्चला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत, पुण्याला त्या फारच ख्रिस्ती वाटल्या.

त्यांची शंका कायम तशीच राहिली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १८९१ च्या सुमारास आलेल्या आंतरिक अनुभवानंतर त्यांची ख्रिस्तनिष्ठा गाढ झाली. मात्र ती कोणाच्या आज्ञेने आली नाही, आतून आली. केडगावच्या ‘मुक्ति’त दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला आणि ती संस्था कोणत्याही एका पंथाच्या अधीन होऊ दिली नाही. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबल सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

आपण जेथे राहतो, ज्या संस्थेत वाढतो, तिचे सारेच आपल्याला पटते असे नाही. त्या वेळी खोटा होकार देऊ नये आणि कृतज्ञताही विसरू नये, हा धडा रमाबाईंनी आपल्या आचरणाने घालून दिला. शाळेने आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले असेल, तर हे चरित्र तिच्या हीरक महोत्सवी अंकात शोभून दिसेल.

— एक माजी विद्यार्थिनी, नुंगंबाक्कम, चेन्नई