अर्ध्या इंचाचे अंतर

खेळणे म्हणजे मूल शांत बसावे म्हणून त्याच्या हाती दिलेली वस्तू, अशी मोठ्या माणसांची एक समजूत असते. ही समजूत खोटी ठरविणारा माणूस शिक्षक नव्हता आणि इंजिनिअरही नव्हता. तो लिव्हरपूलमधील एका मांस-आयातदाराच्या पेढीवर हिशेब लिहिणारा साधा कारकून होता. त्याचे नाव फ्रँक हॉर्नबी.

त्याचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि नशिबी खातेवह्या आल्या. यंत्रांचे वेड मात्र सुटले नाही. रोलंड व डग्लस या आपल्या मुलांसाठी तो घरी पत्रा कापून पूल, गाड्या आणि याऱ्या तयार करी. पण प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागत. यातूनच त्याला कल्पना सुचली, की सर्व पट्ट्यांना सारख्या अंतरावर छिद्रे पाडली, तर त्याच पट्ट्या नट-बोल्टांनी जोडून आज पूल व उद्या यारी करता येईल. हे अंतर अर्ध्या इंचाचे ठरले.

१९०१ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. त्यासाठी लागणारे पाच पौंडही त्याला मालकाकडून उसने घ्यावे लागले. तेव्हा त्याने पस्तिशी ओलांडली होती व घरी संसार होता. तरीही तो मागे हटला नाही. पुढे तोच मालक, डेव्हिड एलियट, त्याचा भागीदार झाला. १९०७ मध्ये खेळण्याला ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले आणि १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. मग १९२० मध्ये हॉर्नबी आगगाड्या आल्या आणि १९३४ मध्ये ‘डिंकी’ मोटारी. १९३१ साली हा एके काळचा कारकून पार्लमेंटचा सभासदही झाला. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्याचे निधन झाले.

त्याच्या हयातीतच, १९३४ मध्ये, मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री व आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचेच भाग जोडून कलनशास्त्रातील अवघड समीकरणे सोडविणारे यंत्र उभारले. मुलांच्या पेटीतील पट्ट्या थेट प्रयोगशाळेत पोहोचल्या!

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तांबड्या-हिरव्या पट्ट्यांची ती पेटी कित्येक घरांत सुखाचा ठेवा होती. काळ पालटला, प्लॅस्टिक आले आणि १९७९ साली बिन्स रोडचा कारखाना बंद पडला. आता त्या खेळण्यांना संग्राहकांच्या बाजारात भाव आहे. ज्या डिंकी मोटारीचा रंग उडालेला नाही व जिचा मूळ खोका शाबूत आहे, तिला अधिक किंमत येते. म्हणजे ज्या खेळण्याशी कोणी खेळलेच नाही, ते सर्वांत मोलाचे!

गतकाळाची ओढ स्वाभाविक आहे, पण हॉर्नबीला हा हिशेब पटला नसता. त्याचे खेळणे कपाटात जपण्यासाठी नव्हते. जोडलेले उकलावे आणि त्याच तुकड्यांतून नवे काही उभारावे, हाच त्याचा सारा हेतू होता. जुनी मेकॅनोची पेटी कोणाच्या माळ्यावर सापडली, तर ती पुसून परत ठेवू नये. घरातल्या लहान मुलाला ती द्यावी. पट्ट्या गंजल्या असतील, एखादा बोल्ट हरवला असेल, पण छिद्रांमधील अंतर अजूनही अर्ध्या इंचाचेच आहे.