हाफकिन : एका खोलीतून उभी राहिलेली प्रयोगशाळा



आपल्या सातारा-सांगली भागात जुनी माणसे एखाद्याच्या जन्माचा काळ सांगताना 'प्लेगच्या सालातला' असे म्हणत. घरात उंदीर मरून पडला की लोक समजून जात. भांडीकुंडी, गुरेढोरे घेऊन सारे गाव माळावर झोपड्या घालून राही. काखेत नाहीतर जांघेत गाठ आली, ताप चढला की चार-सहा दिवसांत माणूस जाई. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने गेल्या, हे आपणांस ठाऊक आहेच.

त्याच १८९७ साली, त्याच मुंबई इलाख्यात, एक परका माणूस या रोगावरची लस तयार करून ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेत होता. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. मुंबईच्या परळमधील 'हाफकिन संस्था' हे नाव आपण ऐकलेले असते. त्या नावामागचा माणूस मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्रावरील ओडेसा या बंदरात एका यहुदी कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ते दिवस यहुद्यांना मोठे कठीण होते. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत आणि विद्यापीठांची दारे त्यांच्यासाठी अर्धीच उघडी असत. हाफकिन यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. मेच्निकॉव्हसारखे थोर शास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. विद्या होती, बुद्धी होती, पण प्राध्यापकाची जागा हवी तर धर्म बदला, अशी अट पुढे आली. त्यांनी ती नाकारली व देश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसला पोचले. तेथील जगप्रसिद्ध पाश्चर संस्थेत त्यांना पहिली नोकरी मिळाली ती ग्रंथपालाची! शास्त्रज्ञाने पुस्तके लावीत बसावे, यात त्यांनी कमीपणा मानला नाही. दिवसा पुस्तके सांभाळावीत व उरल्या वेळात प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम होता. त्यातूनच पटकीची लस तयार झाली. जुलै १८९२ मध्ये त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली.

पटकीचे माहेरघर म्हणजे त्या काळचा बंगाल. म्हणून १८९३ साली हाफकिन हिंदुस्थानात आले. आग्र्यापासून कलकत्त्याच्या बस्त्यांपर्यंत हिंडून सव्वादोन-अडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. टोचून घेण्याची सक्ती कोणावर नव्हती. हिवतापाने शरीर खिळखिळे झाले, तेव्हा काही महिने ते युरोपात गेले आणि पुन्हा परत आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाहता पाहता निम्मे शहर पळू लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावून घेतले. ऑक्टोबरात ते आले तेव्हा त्यांना मिळाले काय? ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. ज्या संस्थेकडे पुढे साऱ्या देशाने लसीसाठी पाहिले, तिची सुरुवात एवढ्यावर झाली.

काम कसे चाले तेही समजून घ्या. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागे. युरोपात त्यासाठी गोमांस वापरीत. येथे हिंदूला गाय वर्ज्य, मुसलमानाला डुक्कर वर्ज्य. हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस घेतले. रस्श्यावर तुपाचे थेंब सोडले की त्यांना धरून जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबू लागे. ती हलवून पाडायची व पुन्हा वाढू द्यायची. काही आठवड्यांनी सारे तापवून जंतू मारायचे, की झाली लस. आपल्याच बाजारातले तूप आणि आपल्याच बाजारातले मटण! परदेशातून सामान येईपर्यंत ते थांबले नाहीत. आणि लोकांच्या श्रद्धेचा मान राखल्याने शास्त्राचे काही बिघडत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्राही इतरांना द्यावयाच्या मात्रेपेक्षा मोठी होती. त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी राजीखुशीने लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, मेला कोणीही नाही. पुढच्या वर्षी बडोदे संस्थानातील उंधेरा गावी प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस देऊन पाहिली. लस घेतलेल्या ७१ जणांत ३ मृत्यू झाले, न घेतलेल्या ६४ जणांत २६. आकडे स्वतःच बोलतात. दावा करावा तर मोजून करावा, ही शिस्त त्यांनी येथे रुजविली.

पण लस असून भागत नाही, लोकांचा विश्वास हवा. सरकारी माणसे घरात घुसून झडती घेत, आजाऱ्याला ओढून नेत. पडद्यातील बायकांचीही तपासणी होई. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात मुसलमान विणकरांच्या वस्तीत यावरूनच दंगल उसळली. तो राग समजण्यासारखा होता. विश्वास कसा मिळवावा, हे त्याच शहरात दुसऱ्या एका मुसलमानाने दाखविले. तिसरे आगाखान सर सुलतान महंमद शाह तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. ते पाहून हजारो खोजा पुढे आले. आपला 'खुश्रू लॉज' हा बंगलाही त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिला. जे काम पोलिसांच्या दंडुक्याने झाले नाही, ते एका तरुण पुढाऱ्याच्या उघड्या दंडाने झाले!

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये गेली. लाटसाहेबांच्या वाड्यात आता काचेची नळकांडी आणि सूक्ष्मदर्शक मांडले गेले. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवून दिले होते की, उंदरावरील पिसू प्लेग पसरवते. पुढे परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन यांनी व प्लेग आयोगाने ते पक्के केले. उंदीर पडताच गाव सोडणारे आपले आजे-पणजे अडाणी नव्हते. त्यांना अनुभव होता. त्या अनुभवामागचे कारण प्रयोगशाळेने शोधले.

आणि अशा यशाच्या ऐन भरात घाला आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. ठपका आला हाफकिन यांच्यावर. ते वैद्य नव्हते, इंग्रज नव्हते, यहुदी होते. बोट दाखवायला सारे सोयीचे होते. त्यांना पदावरून दूर केले गेले. पुढे उजेडात आले ते असे : टोचण्याच्या जागी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी नामवंतांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली व ते निर्दोष ठरले. मात्र परळची ती जागा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात काही वर्षे काढून ते युरोपात परतले.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रकरणातला चिमटा विसरू नका. प्रयोगशाळा म्हणजे केवळ एक थोर शास्त्रज्ञ नव्हे. बाटली धुणारा, सुई उकळणारा, बूच काढणारा, नोंद लिहिणारा, हे सारे मिळून प्रयोगशाळा होते. त्यांतील एकाचा हात ढिला पडला तर १९ घरांत रडे पडते. म्हणून संशोधन उभे करायचे म्हणजे आधी अशी शिकलेली, काटेकोर माणसे तयार करायची.

ती माणसे परळला तयार होत गेली. १९२५ साली संस्थेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. १९३२ साली साहिब सिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. ज्यांना पूर्वी शिपाई-कारकुनाची जागा मिळे, त्यांच्याच देशबांधवांच्या हाती सूत्रे आली. सर्पदंशावरील औषधापासून पोलिओच्या डोसापर्यंतची कामे येथे झाली. १९५२ साली पुण्यात विषाणूंच्या संशोधनाचे केंद्र निघाले. २०२० साली करोनाचा विषाणू वेगळा करून देशी लसीचा पाया तेथेच घातला गेला. त्याच वर्षी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही तपासणीची प्रयोगशाळा सुरू झाली. एका खोलीची वाट आपल्या दारापर्यंत आली ती अशी.

हाफकिन २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. ते अविवाहित होते. आपली मिळकत त्यांनी आपल्या समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. ज्या धर्मासाठी त्यांनी प्राध्यापकी सोडली, तो शेवटपर्यंत निष्ठेने पाळला.

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर विज्ञान शाखेकडे जाऊ म्हणाली तर 'आपल्याला हे झेपायचे नाही' असे म्हणू नका. डॉक्टर झाले तरच शिक्षणाचे सार्थक, असेही समजू नका. सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, परिचारिका ही माणसे साथीच्या दिवसांत गावाचा आधार असतात. उद्या पुन्हा साथ आली तर आपल्या मोहल्ल्यात लस टोचायला येणारी, तिची माहिती आपल्या बोलीत सांगणारी मुलगी आपल्यातलीच असेल, तर घराची दारे आपोआप उघडतील. ती मुलगी आज आपल्याच शाळेच्या बाकावर बसलेली आहे. तिला शिकू द्या.