केकी मूस : बंद दाराआधीचा प्रवास

खानदेशात पारा ४५ अंशांकडे झुकू लागला, की वृत्तपत्रांच्या पानांवर नॉर्वेच्या फियॉर्डची आणि अलास्काच्या हिमनद्यांची रंगीत छायाचित्रे झळकू लागतात. नोकरदारांची सुट्यांची गणिते मांडली जातात, लोकरी कपड्यांची चौकशी सुरू होते. थंड उत्तरेकडे समुद्रमार्गे जाण्याचे असेच एक स्वप्न सुमारे नव्वद वर्षांपूर्वी चाळीसगावात एका तरुणाने पाहिले होते. ते पुरे होण्यासाठी मात्र त्याला सुटीची नव्हे, घरच्यांच्या होकाराची वाट पाहावी लागली. हा तरुण म्हणजे पुढे कलामहर्षी म्हणून ओळखले गेलेले छायाचित्रकार कैखुश्रू माणेकजी ऊर्फ केकी मूस.

मूस यांचे नाव निघाले की खानदेशात आधी आठवते ते त्यांचे बंद दार. चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळच्या घरात पन्नास वर्षे स्वतःला कोंडून घेतलेला अवलिया, ही त्यांची प्रतिमा इतकी ठसली आहे, की त्याआधी हा माणूस अर्धे जग पालथे घालून आला होता, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते त्यांच्या आयुष्याची किल्ली या प्रवासातच आहे.

केकी यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत, मलबार हिलवरील पारशी कुटुंबात झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी जूनमध्ये पंजाब मेल सुरू झाली. ही गाडी तेव्हा बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटे आणि थेट पेशावर गाठे. विलायतेहून बोटीने आलेली टपाल आणि बोटीवरून उतरलेले गोरे अधिकारी उत्तरेकडे पोहोचविणे, हे तिचे काम. तिचा मार्ग मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा. म्हणजे चाळीसगावच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलाला समुद्र दिसत नसला, तरी समुद्रापलीकडची माणसे आणि त्यांच्या ट्रंका दिसू शकत होत्या. चाळीसगाव तसे आडगाव नव्हतेच. १९०० मध्ये धुळ्याला जाणारा फाटा येथून निघाला, तेव्हापासून धुळेकरांनाही मुंबई गाठायची तर गाडी बदलायला येथेच उतरावे लागे.

वडील माणेकजी यांनी याच चाळीसगावात व्यवसायाचे बस्तान बसविले होते. सोडावॉटरचा कारखाना आणि मद्याचे दुकान, असा चोख चालणारा धंदा होता. एकुलता एक मुलगा शिकेल आणि गल्ल्यावर बसेल, अशी त्यांची सरळ अपेक्षा. केकी मुंबईला विल्सन महाविद्यालयात शिकले. गिरगाव चौपाटीसमोरच्या त्या इमारतीतून बाहेर पडले की समोर समुद्रच. पदवी हाती येताच त्यांनी कलाशिक्षणासाठी विलायतेला जाण्याची इच्छा बोलून दाखविली. वडिलांनी नकार दिला. चित्रे काढण्यासाठी सातासमुद्रापार जायचे, ही कल्पना तेव्हाच्या कोणत्याही दुकानदार बापाला पटणे कठीणच होते, आणि त्यात माणेकजींचा फारसा दोष काढता येणार नाही. मुलाने बंड केले नाही. तो थांबला.

१९३४ च्या सुमारास माणेकजींचे निधन झाले. दुकानाची आणि कारखान्याची सारी जबाबदारी आई पिरोजाबाईंवर आली. अशा वेळी मुलाला जवळ ठेवून घेणे कोणत्याही आईला सोयीचे वाटले असते. पिरोजाबाईंनी नेमके उलट केले. व्यवसाय स्वतः सांभाळायला घेतला आणि केकींना विलायतेला जाऊ दिले. खानदेशाच्या कलेच्या इतिहासात या पारशी बाईंची नोंद ठळकपणे व्हायला हवी. ती अजून झालेली नाही.

त्या काळी असा प्रवास आखणे म्हणजे आजच्यासारखे दहा दिवसांचे पॅकेज निवडणे नव्हते. आधी मुंबई सरकारकडून पासपोर्ट मिळवायचा. मग बोट कंपनीच्या किंवा थॉमस कुकच्या कचेरीत जाऊन जागा राखून ठेवायची. पैसे रोख न नेता हुंडीसारख्या पतपत्राने किंवा प्रवासी धनादेशाने न्यायचे. हवामानाचा विचार तर पावलोपावली. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. पण विलायतेतील शैक्षणिक वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने विद्यार्थ्याला नेमक्या याच दिवसांत बोट धरावी लागे. पहिले चार-पाच दिवस, म्हणजे एडनपर्यंतचे सुमारे १,६५० सागरी मैल, अनेक प्रवासी अंथरुणावरच काढीत. तांबड्या समुद्रात उकाड्याने जीव नकोसा होई, म्हणून जाताना उत्तरेकडच्या, उजव्या बाजूच्या केबिनला मागणी असे. जाड कोट, गरम पायमोजे ट्रंकेच्या तळाशी. ते पोर्ट सैद मागे पडल्यावरच बाहेर निघायचे. सुएझ कालवा ओलांडला की भूमध्य समुद्र, मग मार्सेय. तेथे उतरून रेल्वेने फ्रान्स ओलांडावा, की तसेच बोटीने जिब्राल्टरला वळसा घालून लंडन गाठावे, हा निर्णय खिसा आणि हाताशी असलेला वेळ पाहून घ्यायचा. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी राजपुताना बोटीने २९ ऑगस्टला मुंबईहून सुटून ११ सप्टेंबरला मार्सेयला पोहोचले होते. चाळीसगावच्या तरुणालाही साधारण तेवढेच दिवस हाताशी धरावे लागणार होते.

गंमत अशी, की फियॉर्ड पाहण्याच्या सहलीही तेव्हा होत्या. फक्त त्या आपल्यासाठी नव्हत्या. मुंबईच्या मार्गावर धावणारी पी अँड ओ कंपनीची व्हाइसरॉय ऑफ इंडिया ही आलिशान बोट उन्हाळ्यात इंग्रज हौशी प्रवाशांना घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्याची सैर करी. आपल्याकडील मुलगा त्याच कंपनीच्या बोटीवर चढला, तरी त्याच्या डोक्यात फीचा हिशेब आणि परतल्यावर तोंड कसे दाखवायचे याची चिंता असे.

१९३५ मध्ये केकी इंग्लंडला गेले. त्यांनी लंडन नव्हे, तर उत्तरेकडचे शेफील्ड गाठले. पोलादाच्या कारखान्यांचे, धुराने काळवंडलेले, टेकड्यांवर वसलेले हे शहर. शहराबाहेर पडावे, तर पीक डिस्ट्रिक्टच्या ओसाड, सुंदर डोंगररांगा सुरू होतात. चाळीसगाव विसाव्या अक्षांशाजवळ, तर शेफील्ड त्रेपन्नाव्या. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास तेथे अंधारून येते. खानदेशाच्या भगभगीत उजेडात वाढलेल्या डोळ्यांना हा मंद, तिरपा, धुक्यातून गाळून येणारा प्रकाश प्रथमच भेटला असणार. येथील बेनेट महाविद्यालयातून त्यांनी व्यावसायिक कलेचे शिक्षण घेतले. छायाचित्रण त्याच अभ्यासाचा भाग होते. चित्रकार व्हायला गेलेला विद्यार्थी कॅमेऱ्याच्या प्रेमात पडला, तो कायमचाच. शिक्षण आटोपल्यावर अमेरिका, जपान, रशिया, स्वित्झर्लंड अशी भ्रमंती करून त्यांनी तेथील प्रदर्शने पाहिली, छायाचित्रकारांचे काम न्याहाळले.

१९३८ मध्ये ते परतले. मुंबईत स्टुडिओ थाटला असता तर पैसा आणि नाव दोन्ही पायाशी आले असते. ते चाळीसगावला आले आणि घरात शिरले ते जवळजवळ कायमचेच. पन्नास वर्षांत ते मोजून दोनदा बाहेर पडल्याचे सांगितले जाते. त्यांतील एक वेळ विनोबा भावे यांचे छायाचित्र टिपण्यासाठी होती. घराला त्यांनी आपल्या आवडत्या डच चित्रकाराच्या नावावरून रेम्ब्रांट्स रिट्रीट असे नाव दिले.

या एकांतामागे एक प्रेमकथा सांगितली जाते. मुंबईतील प्रेयसीने निरोप घेताना एक दिवस पंजाब मेलने चाळीसगावला येण्याचे वचन दिले, आणि मूस रोज रात्री ती गाडी येऊन जाईपर्यंत दार उघडे ठेवून, दोघांचे जेवण मांडून वाट पाहत राहिले, अशी ती कथा. ती हृद्य आहे, आणि चाळीसगावकर ती जिव्हाळ्याने सांगतात. पण केवळ विरहाने कोणी पन्नास वर्षे इतक्या शिस्तीने काम करीत नाही. मूस यांचा दिवस कामाने भरलेला होता. छायाचित्रण, चित्रकला, शिल्प, लाकूडकाम, कागदाच्या घड्यांची कला, सतारवादन असे अनेक नाद त्यांनी जोपासले.

त्यांचे खरे वैभव मात्र टेबलटॉप छायाचित्रणात होते. या प्रकारात मेजावरच्या हातभर जागेत अवघे निसर्गदृश्य रचायचे असते. वाळूचा किनारा होतो, काडीचे झाड होते, कापसाचा ढग होतो, मीठ किंवा पीठ भुरभुरले की बर्फ पडतो. दिव्याची जागा बोटभर सरकली, तरी सकाळची संध्याकाळ होते. अंतराचा, उंचीचा आणि हवेचा आभास निर्माण करायचा, तर ती हवा आधी डोळ्यांनी प्यालेली असावी लागते. बोटीच्या कठड्यावरून पाहिलेली क्षितिजे आणि उत्तरेकडचा तो तिरपा प्रकाश मूस यांनी सोबत आणला होता. घराबाहेर न पडता जग रचण्याची मुभा त्यांना या शिदोरीने दिली. देशविदेशांतील प्रदर्शनांतून त्यांच्या छायाचित्रांना तीनशेच्या आसपास पारितोषिके लाभल्याचे सांगितले जाते. चित्रे बोटीने जात राहिली. चित्रकार घरीच राहिला.

३१ डिसेंबर १९८९ रोजी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, मूस यांनी याच घरात अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या मागे कलाकृतींचा आणि संग्रहाचा मोठा ठेवा उरला. घर आता संग्रहालय झाले आहे आणि त्यांच्या नावाचा न्यास ते सांभाळतो. वेरूळ किंवा पाटणादेवीला निघालेले पर्यटक चाळीसगावला उतरतात. त्यांतील मोजकेच स्थानकालगतच्या या घराकडे वळतात. पंजाब मेल आजही याच रुळांवरून जाते. ती आता बॅलार्ड पिअरहून सुटत नाही आणि पेशावरलाही जात नाही, फिरोजपूरला थांबते.