आशियाचे नोबेल पहिल्यांदा कुणाला? भूदानासाठी देश पायी फिरलेल्या विनोबांची गोष्ट

केज : नोबेलची घोषणा झाली की भारताच्या वाट्याला काय आले, याची चर्चा होते. मात्र, आशियाचे नोबेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रॅमन मॅगसेसे पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, 1958 मध्ये, सामुदायिक नेतृत्वासाठी एका मराठी माणसाची निवड झाली होती. ते होते आचार्य विनोबा भावे.

मॅगसेसे पुरस्कार काय आहे?
फिलिपिन्सचे अध्यक्ष रॅमन मॅगसेसे यांचा 1957 मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ हा पुरस्कार सुरू झाला. शासकीय सेवा, लोकसेवा, सामुदायिक नेतृत्व, पत्रकारिता व साहित्य आणि शांतता ही त्याची सुरुवातीची क्षेत्रे. पुढच्याच वर्षी, 1959 मध्ये, चिंतामणराव देशमुख यांनाही तो मिळाला.

विनोबा कोण होते?
विनायक नरहरी भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. 1916 मध्ये परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतला उतरले आणि थेट काशीला गेले. त्याच वर्षी ते गांधीजींना भेटले आणि कायमचे त्यांचे झाले. 1932 मध्ये धुळे तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. 1940 मध्ये गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनाच निवडले.

भूदान कसे सुरू झाले?
1951 मध्ये तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत होते. तेव्हा बीड जिल्हा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. 18 एप्रिल रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावात भूमिहीन दलित कुटुंबांनी विनोबांकडे 80 एकर जमीन मागितली. विनोबांनी हा प्रश्न गावापुढे ठेवला. रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि त्यांनी 100 एकर देऊ केली. तिथूनच पदयात्रा सुरू झाली, ती सुमारे 13 वर्षे चालली. घरात पाच मुले असतील तर भूमिहीनाला सहावा मुलगा समजा आणि सहावा हिस्सा द्या, असे ते जमीनदारांना सांगत.

जमीन मिळाली का?
उद्दिष्ट होते पाच कोटी एकरांचे. प्रत्यक्षात दान जाहीर झाले ते 40 लाख एकरांच्या आसपास. त्यातही बरीच जमीन पडीक किंवा वादातली निघाली. कित्येक ठिकाणी दानपत्र झाले, पण जमीन भूमिहीनांच्या ताब्यात आलीच नाही. तरीही कायद्याचा बडगा न दाखवता एवढी जमीन मागून मिळवणारा दुसरा माणूस झाला नाही.

शेवटची वर्षे
आणीबाणीतील भूमिकेमुळे विनोबांवर टीकाही झाली. 15 नोव्हेंबर 1982 रोजी अन्न, पाणी आणि औषध सोडून त्यांनी पवनारला देह ठेवला. 1983 मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

आज आठवण कशासाठी?
केज, धारूर भागातून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. अनेकांकडे जमीन नाही, ज्यांच्याकडे आहे ती कोरडवाहू. पुरस्काराला सहा दशके उलटून गेली, पण राबणाऱ्याच्या नावाचा सातबारा कुठे आहे, हा विनोबांचा प्रश्न इथल्या प्रत्येक तांड्यावर अजून उभा आहे.