धुराला कामाला लावणारा यंत्रज्ञ : आल्फ्रेड ब्यूखी

लोहाराचा भाता आपल्या बीदर-कलबुर्गी भागातील वडीलधाऱ्या मंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे. भट्टीतला कोळसा तोच असतो. परंतु भात्याचा वारा लागताच त्याच कोळशाची आंच लोखंड मऊ करण्याइतकी प्रखर होते. अग्नीला जळण जितके हवे तितकीच हवाही हवी, हे लोहाराला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक असते. मोटारीच्या इंजिनाचा न्यायही हाच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे १५ किलो हवा लागते. हवा कमी पडली, तर जास्त तेल ओतून काहीही साधत नाही; नुसता धूर होतो. इंजिनाला हा भाता कसा जोडावा, या एका प्रश्नाला ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्या आल्फ्रेड ब्यूखी यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

त्यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या गावी झाला. हे गाव कारखान्यांचे. त्यांचे वडील तेथील सुल्झर या प्रख्यात यंत्रकारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यामुळे वाफेची इंजिने, ओतशाळा आणि यंत्रांची घरघर यांच्या सहवासातच आल्फ्रेड लहानाचे मोठे झाले. पुढे त्यांनी झुरिच येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयात शिक्षण घेऊन १९०३ मध्ये यंत्रशास्त्राची पदवी संपादन केली. वाफेच्या टर्बाइनचे गाढे अभ्यासक ऑरेल स्टोडोला त्या काळी तेथे अध्यापन करीत असत. पदवीनंतर ब्यूखी यांनी काही काळ परदेशात राहून बेल्जियम आणि इंग्लंड येथे नोकरी केली.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन तेव्हा नवे होते व त्याची सर्वत्र वाहवा होत होती. तरुण ब्यूखी यांचे लक्ष मात्र त्या इंजिनाच्या धुराकडे गेले. जळणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर फेकला जातो. तो धूर अतिशय तप्त असतो व मोठ्या वेगाने बाहेर पडतो. पैसे मोजून विकत घेतलेल्या तेलाची एवढी शक्ती वाऱ्यावर सोडून द्यावयाची, ही गोष्ट त्यांच्या मनाला टोचू लागली.

इंजिनात अधिक हवा कोंबावी, हा विचार तसा नवा नव्हता. जर्मनीतील गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्येच तशा युक्तीचे पेटंट घेतले होते. परंतु हवा दाबणारा पंप इंजिनाच्याच शक्तीवर चालवावा लागे. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काही अंशी परत घेतल्यासारखे होई.

येथे एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या मनात शंका येईल, की मग हवा कोंबण्यासाठी विजेचा पंखाच का लावू नये? घरच्या घरी अशी खटपट करणारे हौशी लोक आजही आहेत. तेव्हा थोडे गणित करून पाहू. १,५०० घन सेंटिमीटरचे चार फटक्यांचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर ते दर दोन फेऱ्यांत एकदा आपली पोकळी हवेने भरते. म्हणजे मिनिटाला सुमारे ३,००० लिटर हवा ओढते. या हवेचा दाब दीडपट करावयाचा, तर तीन ते चार किलोवॅट शक्ती लागेल. टेबलावरचा पंखा जेमतेम ५० वॅटचा असतो. त्याने झुळूक येते, दाब निर्माण होत नाही. इंजिन वेगात असताना तर तो हवेच्या वाटेत अडसर होऊन बसतो आणि त्याचे पाते तुटून आत गेल्यास दट्ट्या व झडपा यांचा नाश ठरलेला. बरे, मोठी मोटर लावावी, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ३०० अँपिअर प्रवाह ओढावा लागेल. एवढा भार मोटारीतील बॅटरी फार वेळ सोसणार नाही. आणि ती पुन्हा भरावयाची, तर त्यासाठीही शक्ती इंजिनाचीच खर्च होणार.

ब्यूखी यांनी नेमका हाच पेच सोडविला. वाया जाणाऱ्या धुराच्या झोतात एक चक्र ठेवावे. त्याच दांड्यावर पलीकडे हवा दाबणारे दुसरे चक्र बसवावे. धूर पहिल्याला फिरवील आणि दुसरे इंजिनाला ताजी हवा पुरवील. म्हणजे भाता ओढावयास निराळा माणूस नको. भट्टीचा धूरच तो ओढील. या कल्पनेचे पेटंट त्यांनी १६ नोव्हेंबर १९०५ रोजी जर्मनीत नोंदविले. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते.

कल्पना कागदावर उतरली. पण ती लोखंडात उतरण्यास वीस वर्षे जावी लागली. १९०९ च्या सुमारास ते मायदेशी परतून सुल्झर कारखान्यात डिझेल इंजिनांच्या संशोधनाचे काम पाहू लागले. १९११ मध्ये तेथे प्रयोगासाठी यंत्र उभारण्यात आले. परंतु लाल होईपर्यंत तापणाऱ्या धुरात अतिवेगाने फिरत राहील, अशी धातूची पाती त्या काळी मिळणे दुर्घट होते. हवा दाबणारी चक्रेही सदोष असत. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी केलेल्या प्रयत्नांना कोणी फारशी दाद दिली नाही. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने अशा वेळी तो नाद सोडला असता, तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. ब्यूखी यांनी तो सोडला नाही.

दरम्यान अन्य देशांतही या विचाराला पालवी फुटू लागली होती. उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या इंजिनाचा जोर तेथे ओसरतो. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १४,००० फुटांहून उंच असलेल्या पाइक्स शिखरावर एक विमानइंजिन नेऊन धुरावर चालणाऱ्या अशाच यंत्राची परीक्षा घेतली आणि समुद्रसपाटीवर मिळते तितकी शक्ती तेथे मिळवून दाखविली.

अखेर १९२५ साल उजाडले. प्रत्येक सिलिंडरातून धूर एकसारखा न येता ठोक्याठोक्याने येतो, हे हेरून ब्यूखी यांनी सिलिंडरांचे गट पाडले व त्यांच्या धुराचे नळ चक्रापर्यंत वेगवेगळे नेले. त्यामुळे एकाचा धूर दुसऱ्याच्या आड येईनासा झाला. शिवाय धूर जाण्याची व हवा येण्याची झडप क्षणभर एकदम उघडी ठेवून त्यांनी आतला उरलासुरला धूरही ताज्या हवेने झाडून काढला. हा उपाय रामबाण ठरला. पुढील एकदोन वर्षांत ‘प्रॉइसेन’ व ‘हान्झेश्टाट डांझिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर अशी इंजिने बसली. ज्या इंजिनाची शक्ती एरवी १,७५० अश्वशक्ती असती, त्यानेच २,५०० अश्वशक्ती दिली. वीस वर्षांचे उत्तर एका आकड्यात मिळाले.

त्यानंतर जहाजे, आगगाड्या आणि वीजकेंद्रे यांतील डिझेल इंजिनांवर हे यंत्र दिसू लागले. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच झाउरर कारखान्याने ते मालमोटारीच्या इंजिनास जोडले. आपल्या कल्पनेचा जगभर झालेला प्रसार डोळ्यांनी पाहून ब्यूखी यांनी २७ ऑक्टोबर १९५९ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, जन्मगावी विंटरथूर येथेच देह ठेवला. खाजगी मोटारींत हे यंत्र आले, ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, अमेरिकेत.

आज सोलापूरहून हुमनाबादमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या मालमोटारी चढावर लागल्या, की त्यांच्या इंजिनातून एक बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो. चालक ज्याला टर्बो म्हणतात, तोच हा ब्यूखी यांचा भाता. विजेच्या पंख्याची कल्पनाही अगदीच वाया गेली नाही. २०१६ मध्ये जर्मनीच्या आउडी कारखान्याने एका मोटारीत विजेवर चालणारा हवादाबक बसविला. मात्र त्यासाठी ७ किलोवॅटची मोटर व ४८ व्होल्टची निराळी वीजयोजना लागली, आणि तोही टर्बोला क्षणभर मदत करण्यापुरताच.

विद्यार्थी मित्रांनो, खटपट करण्याची हौस ही मोठी मोलाची गोष्ट आहे. तिला गणिताची जोड मात्र हवी. ब्यूखी यांनी कोठून नवी शक्ती आणली नाही. सारे जग ज्याला धूर म्हणून टाकून देत होते, त्यात त्यांनी ती पाहिली, मोजली आणि वीस वर्षे धीर धरून कामाला लावली. आपल्या विहिरीवरच्या इंजिनाचा धूर यापुढे दिसेल, तेव्हा त्यातून काय काय वाया जात आहे याचा विचार आपणही करावा. ब्यूखी यांच्या कार्याचा आरंभ तेवढ्याच विचारातून झाला होता.