बापूंचा चढता रक्तदाब

दांडीपर्यंत सुमारे ३९० किलोमीटर चालत गेलेले महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. गजानन महाराजांचे शेगाव वेगळे. पत्रांचा घोटाळा होऊ लागल्याने या गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. वय सत्तरीकडे झुकलेले आणि रक्तदाब वारंवार चढणारा. १९४० च्या एका नोंदीत तो २२०/११० आहे. परिणामकारक गोळ्या तेव्हा नव्हत्याच. विश्रांती, मौन, मिताहार, मातीच्या पट्ट्या यांवरच भिस्त, देखरेख डॉ. सुशीला नायर यांची.

असा दाब टिकला की हृदयाच्या स्नायुपेशी ताणल्या जातात. ताणलेली पेशी अँजिओटेन्सिन सोडते, हे प्रयोगशाळेत १९९३ मध्ये दिसले. त्यातून टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटक जास्त तयार होतात, पेशी जाड होते, भोवती चिवट तंतू साचतात. भिंत आधी दणकट भासते, मग ताठर होते.

तरीही १९४३ मध्ये, ७३ व्या वर्षी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील २१ दिवसांचा उपवास त्यांनी पार पाडला.

अँजिओटेन्सिन तयार होणे रोखणाऱ्या कॅप्टोप्रिल या गोळीला अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली. सुशीलाबहेनचे सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा बारा वर्षांचे होते.