पंडिता रमाबाई : कृतीने दिलेली साक्ष

कुर्डुवाडीहून पुण्याच्या गाडीत बसले म्हणजे जेऊर, भिगवण, दौंड ही स्थानके मागे पडून केडगाव लागते. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनी ह्या मार्गाने जातात, परंतु ते स्थानक आले असता मान वर करून पाहणारे थोडेच. म्हणून पंडिता रमाबाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. उपदेशक बंधूंनी ते विशेष लक्षपूर्वक वाचावे, कारण आम्ही सर्व बोलण्यावर जगणारे लोक आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने मुलीस. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दुष्काळाने गाठले. अन्नान्नदशा होऊन आईवडील व थोरली बहीण वारली. रमाबाई व त्यांचे बंधू अनवाणी देशभर फिरले. पांघरूण नाही म्हणून झेलम नदीच्या वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा.

१८७८ साली कलकत्त्यास विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्यानंतर बंधूचा मृत्यू, बिपिन बिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह आणि १८८२ च्या आरंभी वैधव्य, हे सर्व दोन वर्षांच्या आत घडले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

शुभवर्तमानाचे शब्द त्यांच्या कानी पूर्वीच पडले होते. कलकत्त्यात संस्कृत बायबल भेट मिळाले होते. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत लूकचे बंगाली शुभवर्तमान सापडले होते. वाचन झाले, आवडही उत्पन्न झाली, परंतु निर्णय झाला नाही. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील भगिनीसंघात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांस लंडनजवळ फुलहॅम येथे पाठविले. समाजाने टाकून दिलेल्या पतित स्त्रियांना तेथे जवळ घेत, त्यांची शुश्रूषा करीत. अशा स्त्रियांवर कोणी दया करावी, हे रमाबाईंनी आपल्या देशात पाहिले नव्हते. तुम्ही हे का करिता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविली. आम्हांस वाटते, ती कथा त्या दिवशी समजली ह्याचे कारण तिचा अर्थ त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

अमेरिकेतील स्नेह्यांचे साहाय्य मिळवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ह्या विधवेचा विवाह १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी झाला. त्याच वर्षी मुलींना ख्रिस्ती करितात असा बोभाटा होऊन रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाजूस झाले व पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. रमाबाई प्रार्थनेच्या वेळी दार लावीत नसत आणि कोणास बोलावीतही नसत. पालकांची भीती आम्हांस समजते. तरी उघड्या दाराचा दोष तो काय?

१८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतात पडला. तेथे भुकेल्या पोरी दुष्ट लोकांच्या हाती लागत आहेत असे ऐकताच रमाबाईंस स्वतःचे बालपण आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पैसा हाती नव्हता. पुण्यात प्लेग असल्यामुळे ह्या मुलींस केडगावच्या शेतावर ठेवावे लागले. तेथे तंबू व गवती छपरे उभी राहिली, विहिरी खणल्या, आणि मुक्ती सदन वसले. १९०० साली गुजरातेतील दुष्काळातून आणखी मुली आल्या, तेव्हा तेथील संख्या १५०० वर गेली. त्या मुलींच्या अंगावर उवा होत्या, फोड होते. पुष्कळांस शिव्यांवाचून बोलणे ठाऊक नव्हते. त्यांस आधी न्हाऊ घातले, जेवू घातले. मग शेत, माग, तेलाची घाणी, छापखाना अशी कामे शिकविली. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, म्हणजे फुलहॅम केडगावी आले. आंधळ्यांसाठी निराळे घर झाले. मनोरमाबाई त्यांस उठावाच्या लिपीने वाचावयास शिकवीत.

आमच्या कामाच्या वहीत उपदेश किती झाले ह्याचा रकाना असतो. कोणाच्या डोक्यातील उवा काढल्या, ह्याचा रकाना आम्ही कधी आखला नाही.

उतारवयात रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून खेड्यातील बायांस समजेल अशा सोप्या मराठीत बायबलाचे भाषांतर केले. पदव्या ज्या संस्कृताने दिल्या, ते संस्कृत शब्द त्यांनी त्यातून वेचून दूर ठेविले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविण्याचे काम तेथे मुलीच करीत असत.